लाल ठिपक्याच्या पट्ट्या

प्रिय वोरू,

पत्र बघून तू दचकशील. फोनवर तासभर बडबडणारी बहीण एकाएकी कागद का काळे करायला लागली, असं तुला वाटेल. पण फोनवर तू मध्येच बोलतोस, आणि तू बोलायला लागलास की मी ऐकत बसते, ही माझी लहानपणापासूनची खोड. या वेळी मला तुझं ऐकायचं नाही. तू एकट्यानं बसून माझं शेवटपर्यंत वाचायचं आहेस. वाचता वाचता उठून सिगारेट ओढायला बाहेर गेलास तरी चालेल, पण परत ये आणि वाच.

आधी घरची खबर. वस्तीवर यंदा पाऊस वेळेवर आला. आखूड शिंगांची ती लाल गाय, जिला तू बाईसाहेब म्हणायचास, ती व्यायली. कालवड झाली, कपाळावर पांढरा चांद आहे. बाईसाहेबांची मिजास तशीच आहे, काकूनं धार काढायला घेतलं की लाथ मारायची. तिला आईच्या हाताची सवय. पण मागच्या महिन्यापर्यंत आई तिच्या जवळ जात नव्हती. गोठणाच्या कडेला बसून लांबूनच काकूला सांगायची, डावीकडून बस, तिच्या पाठीवर हात ठेव, मग ती उभी राहील. स्वतः उठायची नाही. दुधाला हात लावायचा नाही हे तिनं ठरवलं त्याला दोन पावसाळे झाले होते. फुलानी बाईनं दुधाला हात लावायचा नाही म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. गुरं नवऱ्याची असतात, दूध बाईचं असतं. दूध गेलं की तिच्याकडे स्वतःचं असं काय उरतं?

ती का हात लावत नव्हती तेही तुला माहीत आहे. तरी मी पुन्हा लिहिते, कारण ही हकिगत तुझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकलीय की एकदा माझ्या हातानं सरळ लिहून बघावीशी वाटते. मागच्या वर्षी, कोरड्या धुळीच्या वाऱ्याच्या दिवसांत, वेरेकूला सुलेमान गुरुजींच्या घरी बारसं होतं. रश्श्यात घातलेलं वागासीचं पनीर बाकेमावशीच्या टोपलीतून गेलं होतं, म्हणजे तुझ्या आईकडून. आणि तुझ्या आईकडे ते, आपल्या जन्माच्या आधीपासून चालत आलंय तसं, माझ्या आईकडून आलं होतं. माझी आई रुईच्या पानांचा चीक घालून दूध फाडते, गोळे बांधते, लाल ज्वारीच्या पातीच्या पाण्यात रंगवते आणि पहाटे भोपळ्याच्या भांड्यात घालून डोक्यावरून वेरेकूला नेते. तुझी आई ते बाजारात विकते. त्या दिवशी जेवणं उरकली आणि थोड्याच वेळात माणसं ओकायला लागली. मोठी माणसं दुसऱ्या दिवशी उठून बसली, डोकं धरून का होईना. गुरुजींची थोरली, रफियातू, तीन वर्षांची, ती उठली नाही. एवढ्याशा अंगात पाणी ते किती असणार, सगळं निघून गेलं.

तपासणीचं काम तुझ्याकडे आलं, कारण वेरेकूच्या प्रयोगशाळेत ते काम करणारा तूच. बाकेमावशीच्या टोपलीत उरलेलं वागासी आणि माझ्या आईच्या भांड्यातलं त्या दिवशीचं ताजं वागासी, दोन्हींचे नमुने तू घेतलेस. प्लेटवर लावलेस. माझ्या आईच्या नमुन्यात जिवंत जिवाणू वाढले. तुझ्या आईच्या नमुन्यात एक ठिपकाही उगवला नाही. तू अहवाल लिहिलास: विक्रेत्याकडचा माल निर्दोष, दोष बनवणारीच्या हातचा. खाली सही केलीस. अहवाल बाजाराच्या मुखत्यारणीकडे गेला आणि तिनं तो आठवडी बाजारात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घेतला. आई नुकतीच चालत आलेली, भांडं अजून डोक्यावर. कुणीतरी ते खाली ओढलं आणि वागासी मातीत ओतलं. "फुलानीणबाई, तुझ्या हातात मरण आहे," असं एकजण म्हणाली. बाकेमावशी मान खाली घालून बसून राहिली. कुत्र्यांनी ते मातीतलं वागासी चाटूनपुसून खाल्लं आणि सावलीत झोपली. त्यांना काही झालं नाही, हे मात्र कुणी बघितलं नाही.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? आपल्याकडे अनोळखी माणूस दारात आला तरी आधी त्याच्या हातात पाणी देतात आणि मग विचारतात, काय खबर. चोराला पकडून आणलं तरी आधी पाणी. त्या दिवशी माझी आई पायपीट करून आली होती, तिचे ओठ फुटले होते, आणि तिनं लहान मुलीला मारलंय हे तिला सांगण्याआधी कुणी तिला पाण्याचा तांब्या दिला नाही. ती तशीच परत चालत आली.

आता तुझ्या दाताची गोष्ट. तुला ती नको असते, मला माहीत आहे. तुझ्या घरी ती कुणी काढत नाही आणि कॉलेजात कुणी विचारलं तर तू हसून दुसरंच काही बोलायचास. पण आज मी ती काढणार. तुझा वरचा दात आधी आला. तुमच्या बारिबा जमातीत तसलं पोर घरात ठेवत नाहीत, ते घर खातं म्हणतात. तुझ्या आजोबांनी तुझ्या आईला सांगितलं, संध्याकाळपर्यंत हे पोर मला दिसता कामा नये. बाकेमावशी तुला पाठीला बांधून आमच्या वस्तीवर आली. धावत आली होती, तिला धाप लागली होती. माझ्या आईनं, तुझ्या दिक्कोआईनं, तिला बसवलं, पाणी दिलं, पिऊ दिलं आणि मग विचारलं. मी तेव्हा आईच्या पाठीवर होते म्हणे. आईनं मला खाली ठेवलं आणि तुला घेतलं. एवढंच म्हणाली, "आमच्याकडे गुरांना वरचे दातच नसतात, आम्हाला त्यांचं काय भय." बाकेमावशी रडता रडता हसली. ही गोष्ट मला तुझ्याच आईनं सांगितलीय, एकदा नाही, अनेकदा. पुढे तुझे आजोबा गेले आणि ती तुला परत घेऊन गेली, तोवर तू माझ्या वाटचं दूध प्यायलास. मी तक्रार करत नाही. दूध पुष्कळ होतं.

त्यानंतर त्या दोघी जशा वागत आल्या, तशा सख्ख्या बहिणी वागत नाहीत. बाकेमावशी म्हणायची, "ये गं शेणाच्या वासाचे, आज दुधात पाणी किती घातलंस?" आई म्हणायची, "तुझ्या तोंडाला आहे तेवढं नाही." मग आई सावलीला बसायची, बाकेमावशी तिला गरम कंद आणि शेंगदाण्याचा रस्सा द्यायची आणि दोघी आपल्या दोघांच्या अभ्यासाचं बोलायच्या. दोघींना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण आपले मार्क दोघींना पाठ. आपण दोघं एकाच विषयाकडे गेलो तेव्हा त्यांना वाटलं, आता अन्नातलं वाईट शोधायला घरचीच दोन माणसं झाली.

कॉलेजातला तो तास आठवतो? सर सांगत होते की काही जिवाणू अन्नात वाढताना विष सोडतात. अन्न उकळलं की जिवाणू मरतात, विष मरत नाही. प्लेटवर फक्त जिवंत जिवाणू उगवतात, म्हणून उकळलेल्या अन्नाची प्लेट स्वच्छ येते आणि खाणारा मात्र आडवा होतो. विष शोधायचं तर वेगळी पट्टी लावावी लागते. सगळा वर्ग गोंधळला होता आणि तू माझ्या कानाशी म्हणालास, "हे तर दिक्कोआईनं मला चड्डी घालायच्या आधीच शिकवलंय." कारण वस्तीवर बाबांनी एकदा फुरसं मारलं होतं आणि तू ते उचलायला धावलास, तेव्हा आईनं तुझ्या हातावर फटका दिला होता. "साप मेला म्हणून दातातलं विष मेलं का रे?" तू परीक्षेत त्याच प्रश्नाला सगळ्यांपेक्षा जास्त मार्क मिळवलेस. म्हणून मी हे आज लिहिते. तुला कळलं नव्हतं असं तू मला सांगू शकणार नाहीस.

आणि बाजारात वागासी कसं टिकवतात हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तुझं सगळं बालपण त्या पातेल्याशेजारी गेलं. दिवसभर टोपलीत उघडं, ऊन, माशा, गिऱ्हाइकांचे हात. संध्याकाळी उरलेलं पातेल्यात घालून खळखळ उकळायचं, सकाळी पुन्हा टोपलीत. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा उकळायचं. "उकळलं की नवं झालं," हे बाकेमावशीचं वाक्य. सगळा बाजार असाच चालतो, कुणाची चूक म्हणावी अशी ती चूकच नाही, त्यांना कोण सांगणार? दिवसा जिवाणू वाढतात, विष सोडतात, संध्याकाळी मरतात, विष राहतं. दुसऱ्या दिवशी त्यात भर. माझ्या आईचं ताजं वागासी मात्र नुकतंच हातानं बांधलेलं, त्यात थोडे जिवाणू जिवंत असणारच, कुठल्याही ताज्या पनीरमध्ये असतात तेवढे. त्यांना विष करायला वेळच मिळालेला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती अशी प्लेटवरून दिली जाते.

त्या आठवड्यात तू मला फोन केला होतास, आठव. बारशाच्या आधी. बाकेमावशीचा अंगठा कंद सोलताना कापला होता आणि त्यात पू झाला होता. तू विचारलंस, कोणतं औषध देऊ. मी सांगितलं, औषध दे आणि तिला टोपलीत हात घालू देऊ नकोस, पुवातले जिवाणूच अन्नात विष सोडतात. तू हसलास, "तिला कोण अडवणार, तू येऊन अडव." मग बारसं झालं, रफियातू गेली, आणि तुझा दुसरा फोन आला. विषाच्या पट्ट्या तुझ्याकडे संपल्या होत्या. मी विचारलंसुद्धा नाही कशाला हव्यात. इथल्या कोटोनूच्या प्रयोगशाळेतून, आमच्या प्रमुखांना सांगून, मी दोन पट्ट्या घेतल्या, माझ्या सवयीप्रमाणे कोपऱ्यावर लाल पेनानं ठिपका काढला, बर्फाच्या बाटल्यांमध्ये ठेवल्या आणि सालिफूच्या बसनं पाठवल्या. मला वाटलं, वोरू आहे, वोरू नीट बघेल, आई सुटेल. मी त्या रात्री शांत झोपले होते.

मग तू म्हणालास की बर्फ वाटेतच वितळला, पट्ट्या वाया गेल्या, लावून उपयोग झाला नाही. "आता प्लेटवर आलं तेच लिहावं लागेल, जेनाबू. माझा नाइलाज आहे." तुझा आवाज जड झाला होता. मी तुला समजावलं, वोरू. मी तुला म्हटलं, तू तुझं काम कर, आईकडे मी बघते. आणि दुसऱ्या दिवशी बसतळावर जाऊन सालिफूला चार माणसांत वाट्टेल तसं बोलले. निष्काळजी म्हटलं, दारुडा म्हटलं. तो पोरांची शपथ घेऊन सांगत होता की वेरेकूला बाटल्या दिल्या तेव्हा हाताला गारठा लागत होता. मी म्हटलं, खोटारड्या.

त्यानंतर आईकडे तू एकदाच येऊन गेलास. तुला मुक्काम करवला नाही. मी राहिले, मी बघितलं. ती राखेनं हात घासायची, मग साबणानं, मग परत राखेनं. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. एकदा मला म्हणाली, "तुझी ती काच आण. माझ्या हाताला काय आहे ते बघ." मी कापसाचा बोळा फिरवून तिच्या हाताचा नमुना घेतला, इथे आणून प्लेटवर लावला, आणि परत जाऊन तिला सांगितलं, आई, तुझ्या हाताला काही नाही, कुणाच्याही हाताला असतं तेवढंच आहे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू माझी मुलगी आहेस, तू मला बरं वाटावं म्हणून बोलशील. वोरूनं लिहिलंय ना. तो माझ्याबद्दल खोटं कशाला लिहील?" ऐकलंस? पोटच्या पोरीपेक्षा तिचा तुझ्यावर विश्वास जास्त होता. तुझ्या सहीवर विश्वास ठेवून ती स्वतःला खुनी समजत होती. सुलेमान गुरुजींच्या घराच्या दिशेला तोंड करून ती पाच वेळच्या नमाजानंतर त्या पोरीची माफी मागायची. आणि मीही, इतकं शिकून, कधी कधी तिच्या हातांकडे बघायची आणि मनात म्हणायची, असेलही. तेवढं तू मला करायला लावलंस.

आता मागच्या महिन्याची गोष्ट. तुमच्या लोकांना नव्या पट्ट्या शिकवायला मी वेरेकूला आले होते, तू परगावी होतास. तू मुद्दाम परगावी गेलास असं मी म्हणत नाही, पण आज वाटतं तसं. शिकवायला मला जुने नमुने हवे होते. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग गोठवून ठेवायचा, हा नियम तूही पाळतोस. मी फ्रीज उघडला. तळाशी दोन पिशव्या निळ्या दोऱ्यानं बांधलेल्या. चिठ्ठी वाचायच्या आधी मी गाठ ओळखली. वासराला बांधायची आमची गाठ, एका हातानं सुटते आणि ओढली की घट्ट होते, आईनं आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवलेली. तुझ्या प्रयोगशाळेत ती गाठ दुसऱ्या कुणाला येत नाही. मी ती एका हातानं सोडवली. पहिल्या पिशवीत बाकेमावशीच्या टोपलीतलं वागासी, आणि त्याच्याबरोबर एक वापरलेली पट्टी. कोपऱ्यावर माझा लाल ठिपका. पट्टीवर दोन रेघा. दुसऱ्या पिशवीत माझ्या आईचं वागासी, लाल ठिपक्याची दुसरी पट्टी, तिच्यावर एकच रेघ.

मी फ्रीजचं दार उघडंच धरून उभी होते. तुझ्या प्रयोगशाळेतल्या पोरांनी विचारलं, ताई, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, फ्रीजचा गारठा लागला. मग त्यांच्यासमोरच दोन्ही नमुन्यांवर नव्या पट्ट्या लावल्या, धडा म्हणून. एकीवर दोन रेघा आल्या, एकीवर एक. पोरांनी विचारलं, ताई, याचा अर्थ काय? मी त्यांना अर्थ सांगितला: दोन रेघा म्हणजे विष आहे, एक म्हणजे नाही. कुणाचं वागासी ते सांगितलं नाही.

म्हणजे बर्फ वितळला नव्हता. तू पट्ट्या लावल्यास, वाचल्यास, आणि मग फोन उचलून मला आवाज जड करून दाखवलास. वोरू, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला लबाड म्हणून सोडून दिलं असतं. तू केसानं गळा कापलास. आणि तो केसही माझ्याकडूनच मागवलास. एकच गोष्ट मला अजून उमगत नाही: तू त्या पट्ट्या फेकून का दिल्या नाहीस? चुलीत घातल्या असत्यास तर मी जन्मभर सालिफूलाच शिव्या देत राहिले असते. कधी वाटतं, तुझ्यातलं थोडंसं माणूस त्या फ्रीजमध्ये तू जपून ठेवलंस. कधी वाटतं, तू फक्त घाबरलास आणि फ्रीजचं दार लावून घेतलंस.

तू काय म्हणशील ते मी मनात पुष्कळदा म्हणून बघितलंय. "एक जन्म देणारी आणि एक दूध देणारी, मी कुणाला वाचवायचं होतं?" बाकेमावशीचा रक्तदाब चढलेला असतो, तिला बाजाराशिवाय दुसरं काही नाही, तिला हे सोसलं नसतं. आणि दिक्कोआई सोसेल, कारण फुलानी माणसं सोसतात, हू की चू करत नाहीत, त्यांचा तोच धर्म. एवढा साधा हिशेब केलास ना तू? जी सोसू शकते तिच्यावर टाका. तू तिचं दूध प्यालास, आणि तिचं सोसणं तुला माहीत होतं, म्हणूनच तिला पुढे केलंस. ती ओरडली असती, भांडली असती, तर कदाचित तू तिला घाबरला असतास. मला याचा राग येतो, इतका राग येतो की लिहिताना माझं अक्षर बिघडतंय, बघ. आणि यात बाकेमावशीचाही तू काय फायदा केलास? तिला अजून काही माहीत नाही. आपलं वागासी सरकारी तपासणीतून पास झालंय असं ती सगळ्या बाजाराला सांगते. "माझ्यासारखं रोज संध्याकाळी उकळा गं, म्हणजे तुमच्यावर बालंट येणार नाही." बायका तिचं ऐकतात. गेल्या महिन्यात मी स्वतः ऐकलं. तुझ्या शेजारच्या शाळेतल्या मुलांना दुपारी तेच वागासी मिळतं. उद्या आणखी कुणाच्या अंगठ्यात पू झाला, तर? तू तिथून रोज जातोस. तुला झोप कशी येते?

वेरेकूहून मी सरळ वस्तीवर गेले. आईला सगळं सांगितलं, पट्ट्या तिच्या हातावर ठेवल्या. तिला वाचता येत नाही, पण रेघा मोजता येतात. तिनं एकीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही माझी?" मी म्हटलं, हो. ती खूप वेळ त्या एका रेघेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ती पोर माझ्या हातानं गेली नाही." मी म्हटलं, नाही, आई. ती रडली. दोन पावसाळ्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता ती तुला शिव्या देईल, मी वाटच बघत होते. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "बाकेला ठाऊक आहे?" मी म्हटलं, नाही. आई म्हणाली, "मग आता ती पोर तिच्या डोक्यावर येणार." तुझं नाव तिनं काढलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी काढलं तर उठून जाते. वोरू, शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून बाहेर आले तर आई बाईसाहेबांच्या डाव्या बाजूला बसली होती. पाठीवर हात ठेवलेला. दूध भांड्यात पडत होतं. तिनं मला भांडं दिलं आणि म्हणाली, "हे काचेखाली बघायचं असेल तर बघ." चेष्टा होती ती. मी तिथेच उभ्यानं प्यायले.

आणि आता हे पत्र कशासाठी, ते. दोन्ही जुन्या पट्ट्या, दोन्ही नव्या पट्ट्या आणि माझा अहवाल मी आमच्या प्रमुखांच्या हाती दिलाय. येत्या आठवडी बाजारी त्यांची माणसं वेरेकूला येणार आहेत, मुखत्यारणीला भेटणार आहेत, सुलेमान गुरुजींच्या घरी जाणार आहेत. तो अहवाल मी परत घेणार नाही, तू इथे येऊन पायाशी बसलास तरी नाही. मी तुला कळवणारही नव्हते. जसं माझ्या आईला कळलं तसंच तुम्हाला कळू दे, उन्हात, माणसांत, असंच माझ्या मनात होतं. पण आईनं मला एका गोष्टीची शपथ घातली, आणि ती तुझ्यासाठी नाही, तुझ्या आईसाठी आहे. ती म्हणाली, "बाकेला बाजारात कळता कामा नये. पोरगा तिचा आहे, त्यानं घरात सांगावं." म्हणून हे पत्र सालिफूच्या हाती देते, त्याची मी माफी मागितली, तो हसला आणि बर्फ घालू का म्हणाला. तो आज संध्याकाळी तुझ्या दारात येईल, बाजाराला अजून एक दिवस मध्ये आहे. बाकेमावशीला सावलीत बसव. तिचा अंगठा हातात घे, हवं तर. आणि वोरू, तिला सगळं सांगण्याआधी पाणी दे.

जिच्या वाटचं दूध तू प्यायलास ती,
तुझीच म्हणवत होते,
जेनाबू